लिलावातलं घंगाळ

तांबट आळी, कसबा पेठ, पुणे
९ जानेवारी २०२५

श्रीमती मैना घुले यांस,

नमस्कार. विनंती विशेष काही नाही, तक्रार विशेष आहे.

मी यज्ञेश्वर करडे. तांबट आळीत आमचं चार पिढ्यांचं दुकान आहे. नवी भांडी आता फारशी खपत नाहीत, म्हणून गेली सहा वर्षं मी जुनी तांब्या-पितळेची भांडी विकत घेतो, ठोकठाक करून उजळतो आणि इंटरनेटवरच्या लिलावात विकतो. एकोणतीस डिसेंबरला संपलेल्या अशाच एका लिलावात माझं तांब्याचं घंगाळ आपण अकरा हजार चारशेची बोली लावून जिंकलंत. शेवटच्या दहा मिनिटांत आपण सात वेळा बोली वाढवलीत. एवढ्या घाईनं जिंकणारा माणूस पैसे भरायलाही घाई करेल, अशी माझी भाबडी समजूत होती.

साइटचा नियम तीन दिवसांचा आहे. आज अकरावा दिवस. चार मेसेज झाले, तीन फोन झाले. मेसेज आपण वाचता, ते मला दिसतं. फोन वाजतो, आपण उचलत नाही. म्हणून पोस्टाचा रस्ता धरला. दिलेल्या पत्त्यावर माणूस राहतं की नाही, एवढं तरी कळेल.

पैसे लांबवणारे मला नवीन नाहीत. एक गृहस्थ दर वेळी सासू वारल्याचं कळवतात; त्यांच्या आतापर्यंत तीन सासवा गेल्या. अशांसाठी मी एक पद्धत ठेवली आहे. पहिल्या आठवड्यात आठवण, दुसऱ्यात लेखी सूचना, तिसऱ्यात सौदा रद्द आणि वस्तू मागच्या बोलीवाल्याला. आपण सध्या दुसऱ्या आठवड्यात आहात.

घंगाळ चांगलं आहे म्हणून इतकं लिहिलं. सव्वादोन फूट तोंड, नऊ किलो वजन, अंगभर जुनं मठारकाम. हातोडीचे ठोके असे एकसारखे बसलेत की मलाही जमणार नाहीत. काठावर टिंबाटिंबांनी नाव घातलं आहे: 'चि. अभय यास मामाकडून, १९८२'. अशी वस्तू माझ्याकडे पुन्हा यायची नाही.

कळावे. लोभाचं पैसे आल्यावर बघू.

यज्ञेश्वर करडे


मांजरी
१४ जानेवारी २०२५

यज्ञेश्वरराव,

तुमचं पत्र पोचलं. माणूस राहतं इथं. एकटीच राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, निवृत्त होऊन आठ वर्षं होत आली. मालक सर्जेराव जाऊन सहा वर्षं होतील. आमच्या उसाच्या रानात आता पलीकडच्या बाजूला बारा मजली इमारती उभ्या राहिल्यात, पण आमचं घर जुन्याच जागी आहे.

फोन उचलला नाही त्याची माफी करा. फोनवर कुणी काही विचारलं की लगेच उत्तर द्यावं लागतं. कागदावर जरा थांबता येतं.

पेन्शनचं काही अडलंय. आणखी पंधरा दिवस द्या. तुमचा विश्वास बसावा म्हणून पाचशेच्या दोन नोटा पाकिटात घातल्यात. तोवर घंगाळ कुणाला देऊ नका.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. माझ्या मागं ज्यांची बोली होती, ते कोण? त्यांच्या घरात लहान मूल आहे का?

आणि एक सांगायचं होतं. त्यात पाणी भरून ठेवू नका. रिकामं करून पालथं घाला.

मैना घुले


तांबट आळी
२० जानेवारी २०२५

घुलेबाई,

नोटा मिळाल्या. साध्या पाकिटातून नोटा पाठवू नयेत, हे शिक्षिकेला मी सांगावं म्हणजे कमाल आहे. पण पोचल्या, आणि सासू न मारता मुदत मागणाऱ्या आपण या वर्षातल्या पहिल्याच, म्हणून पंधरा दिवस दिले. चार फेब्रुवारीला संपतील.

मागची बोली बाणेरच्या एका तरुण जोडप्याची होती. त्यांना दीड वर्षाची मुलगी आहे. तिला फुलांच्या पाण्यात बसवून फोटो काढायचे आहेत म्हणे. आपण पैसे भरले नाहीत तर फोटो निघतील.

पाण्याबद्दलची आपली सूचना उशिरा आली. घंगाळाची एक कडी सैल होती, ती मी नव्यानं बसवली. अशा वेळी गळतं का ते बघायला भांडं काठोकाठ भरून रात्रभर ठेवावं लागतं. सकाळी चार बोटं पाणी कमी. मी तळाखाली कोरडा कागद ठेवला होता, तो कोरडाच होता. म्हणजे गळती नाही. पण समोरच्या फरशीवर पाणी सांडलेलं होतं, कुणी हातानं उडवल्यासारखं. मांजर असणार.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं. मी पाठ करून एका तपेल्याचा पोचा काढत बसलो होतो. मागे चुबुक चुबुक आवाज यायला लागला. वळलो की बंद, काम सुरू केलं की सुरू. तांबं निवताना बोलतं, हे मला वडिलांनी लहानपणीच सांगितलं आहे. दुकानात ऊन येत नाही आणि पाणी गारच होतं हे खरं, पण जुन्या भांड्याचं काही सांगता येत नाही.

पालथं घातलं आहे. आता पैशांचं बघा.

यज्ञेश्वर करडे


मांजरी
२७ जानेवारी २०२५

यज्ञेश्वरराव,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं.

आवाज आला तेव्हा किती वाजले होते? साडेदहा का?

बाणेरच्या लोकांना घंगाळ देऊ नका. तुम्हाला हात जोडून सांगते. माझं नाव साइटवर खराब करा, दंड लावा, ते हजार रुपये ठेवून घ्या. मला आणखी महिनाभर द्या, मग त्यापुढं बघू. तुमच्या दुकानात ते पालथं पडून राहिलं तर तुमचं काय बिघडतं? जागेचं भाडं म्हणून महिन्याला पाचशे पाठवीत जाईन.

एवढी अडचण आहे तर बोली लावलीच कशाला, असं तुम्ही विचाराल. समईसाठी फोन बघत होते, तर हे समोर आलं. एवढंच आत्ता सांगता येतं.

मैना घुले


तांबट आळी
१३ फेब्रुवारी २०२५

घुलेबाई,

आपल्या पंधरा दिवसांचे सोळा झाले, तेव्हा मी सौदा रद्द केला. बाणेरच्या जोडप्यानं तोवर प्लॅस्टिकचा टब घेतला होता. म्हणून घंगाळ पुन्हा लिलावात लावलं. या खेपेला 'सुंदरा ८२' नावाच्या नव्या ग्राहकानं चौदा हजार दोनशेला घेतलं. मी खूश झालो. मग पाठवायचा पत्ता उघडून पाहिला. मांजरी. आपलंच घर.

बाई, मी तांबट आहे, पण डोक्यात तांबं भरलेलं नाही. एकाच वस्तूवर दोन नावांनी बोली लावायची, दोन्ही वेळा जिंकायचं आणि दोन्ही वेळा पैसे द्यायचे नाहीत, हा कसला छंद आहे? वस्तू घ्यायची नाही आणि दुसऱ्याला घेऊ द्यायची नाही. मी साइटकडे तक्रार केली. आपली दोन्ही खाती त्यांनी बंद केली आहेत. आपला फोन मी ब्लॉक केला आहे. हजार रुपयांचा चेक सोबत जोडला आहे.

वेळ विचारली होतीत. साडेदहाच होते. आपल्याला ते कसं कळलं, हे विचारायची मला इच्छा नाही.

घंगाळ आता विकायचं नाही. माझी मुलगी दीपाली आठ तारखेला बाळंत झाली. मुलगा आहे. दोघं आमच्या कर्वेनगरच्या घरी आली आहेत. बाळाच्या आंघोळीला तांब्याचं पाणी चांगलं, म्हणून आजच घंगाळ घरी नेतो आहे. बायकोचे गुडघे धरले आहेत, पळापळ मलाच करायची आहे, म्हणून दुकान महिनाअखेरपर्यंत बंद. आपली पत्रं आली तरी वाचायला कुणी नाही.

हा विषय माझ्याकडून संपला.

यज्ञेश्वर करडे


कसबा पेठ, तुमच्या दुकानाच्या पायरीवरून
१७ फेब्रुवारी २०२५

यज्ञेश्वरराव,

काल दुपारी तुमचं पत्र मिळालं. फोन लावला, लागला नाही. पैसे भरायला गेले तर खातं बंद. आज सकाळी पहिल्या बसनं आले, तर शटर ओढलेलं. शेजारच्या दुकानदारानं तुम्हाला त्याच्या फोनवरून विचारलं. तुम्ही म्हणालात म्हणे, पैसे घेऊन महिनाअखेरीला या. घरचा पत्ता द्यायला तो तयार नाही. त्याच्याकडून पेन्सिल आणि वहीचं पान मागून घेतलंय. हे शटरखालून आत सरकवते. लवकर सापडू दे.

अभय माझा मुलगा. बारशाला माझ्या भावानं त्याला ते घंगाळ दिलं.

फेब्रुवारी त्र्याऐंशी. थंडी होती. परसात उन्हात घंगाळ भरून ठेवायचं आणि पाणी कोमट झालं की त्याला न्हाऊ घालायचं, असं आमचं रोजचं चालायचं. अकरा महिन्यांचा होता. मी त्याला घंगाळाशेजारी बसवला. तो काठ धरून पाण्यावर हात मारत होता. तेवढ्यात पुढच्या दारावर शाळेच्या शिपायानं हाक मारली. माझ्या नोकरीचा हुकूम आला होता. दोन वर्षं वाट बघत होते. सही केली, कागद हातात घेतला. तिथंच उभी राहून वाचला. मग परत एकदा वाचला. मागं पाणी वाजत होतं, ते मला ऐकू येत होतं. मग वाजायचं थांबलं, तेही ऐकलं मी. खेळून दमला असेल म्हणून तिसऱ्यांदा वाचायला घेतला. साडेदहा वाजले होते. हुकमाखाली मिळाल्याची वेळ मीच लिहून दिली होती.

माझी सासू सुंदराबाई रानातनं मागच्या वाटेनं आली. तिनं त्याला उचलला. मी परसात पोचले तोवर माणसं जमायला लागली होती. कुणीतरी विचारलं, पोर कुणाकडं होतं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "माझ्याकडं हुतं. माझंच ध्यान नव्हतं."

मी काही बोलले नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. ती आणखी नऊ वर्षं जगली. सर्जेराव स्वतःच्या आईशी त्यानंतर कधी धड बोलले नाहीत. गावानं तिच्या हाती लेकरू देणं सोडलं. मी त्याच हुकमावर चौतीस वर्षं नोकरी केली.

घंगाळ मालकांनी मोडीत घातलं. मोडलं असेल असं मी धरून चालले होते. मग फोनवर ते दिसलं.

पैसे भरले की वस्तू आपली होते. ती आपली करून घ्यायची माझी छाती होत नव्हती, आणि लेकराच्या घरात जाऊ द्यायचीही नव्हती. म्हणून लांबवत राहिले. आणि लांबवल्यामुळंच ते तुमच्या घरी गेलं.

बाळाला त्या पाण्याजवळ नेऊ नका. तो दुष्ट नाही हो. त्याला कुणीतरी उचलून घ्यायला हवंय, एवढंच.

मैना घुले


तांबट आळी
१ मार्च २०२५

मैनाताई,

आपलं पत्र मला काल मिळालं. अकरा दिवस ते शटरच्या आत पडून होतं. शेजाऱ्यानं फोन केला तेव्हा मी बाळाची औषधं आणायला चाललो होतो. एक बाई पैशांसाठी आल्या आहेत, एवढंच तो म्हणाला आणि मी पुढचं ऐकलं नाही. 

बाळ सुखरूप आहे, हे आधी लिहितो. आता घडलं ते सांगतो, कारण घरात मी कुणाला सगळं सांगितलेलं नाही.

पहिले आठ-दहा दिवस काही झालं नाही. मालीश करणाऱ्या मावशी येतात. त्या पाय पसरून बाळाला नडगीवर घेतात आणि शेजारच्या घंगाळातून तांब्यानं पाणी घालतात. वीस तारखेला बारसं झालं, प्रज्ञेश नाव ठेवलं. चोवीस तारखेला मावशी निघताना मला दारात म्हणाल्या, उद्यापासून बादलीत पाणी काढून ठेवा. का म्हणून विचारलं, तर पदरात हात गुंडाळून उभ्या राहिल्या. पाणी किती कढत आहे ते बघायला त्यांनी हात बुडवला होता. आतून कुणीतरी त्यांचं बोट धरलं. झोपेत तान्हं मूल धरतं तसं. त्यांनी चाळीस वर्षं मुलं न्हाऊ घातली आहेत. त्या म्हणाल्या, "ती मूठ मला कळते, साहेब. ओढत नव्हती. सोडत नव्हती."

मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मग न्हाणीघरात गेलो, दार लावलं आणि हात घातला. वडिलांनी शिकवलेलं सगळं मनात घोकत होतो: तांबं तापतं, निवतं, बोलतं. मनगटापर्यंत कोमट पाणी. काही नव्हतं. हात काढायला गेलो तर करंगळी अडकली. पाच बोटं मोजता आली मला.

तरीही मी गप्प बसलो. बादली आणली, घंगाळ रिकामं करून न्हाणीघराच्या कोपऱ्यात काठावर उभं, भिंतीला टेकवून ठेवलं. दीपालीला सांगितलं असतं तर ती घाबरली असती. दुकानात न्यायचं उद्यावर टाकलं. चार दिवस उद्यावर टाकलं. पैसे लांबवणाऱ्यांना मी इतकी वर्षं काय काय बोललो, ते या चार दिवसांत आठवत होतं.

काल, अठ्ठावीसला, बायको दवाखान्यात गेली होती, मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. दीपाली बाळाला पाळण्यात ठेवून तिथंच पलंगावर आडवी झाली होती. तिला पाण्याचा आवाज आला. आई बाळाला आंघोळ घालते आहे असं वाटून ती निवांत पडून राहिली. जरा वेळानं तिच्या लक्षात आलं की आई घरात नाही. तिनं मला हाक मारली. मी धावलो.

बाळ पाळण्यातच होतं, झोपलेलं. दुपटं कोरडं होतं. झबलं कोरडं होतं. केस मात्र ओले होते, कोमट, कपाळावर चिकटलेले. दीपालीनं त्याच्या मुठी उघडल्या. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, तासभर पाण्यात राहिल्यासारखी.

न्हाणीघरात घंगाळ तळावर सरळ ठेवलेलं होतं आणि त्यात अर्धं पाणी होतं. मी भरलेलं नाही. घरात घड्याळाकडे बघायचं धाडस मला झालं नाही, पण पेपरवाल्याचं बिल द्यायला मी नुकताच दारात गेलो होतो, तो साडेदहालाच येतो.

पाणी ओतून दिलं, भांडं रिक्षात घातलं आणि इथं आणलं. शटर वर केलं तर पायाखाली आपलं पान.

ताई, मला मोडता येतं. छिन्नी लावून चार तुकडे करायला वीस मिनिटं लागतात. काल आपलं पत्र वाचून झाल्यावर मी छिन्नी लावली, हातोडी उचलली आणि खाली ठेवली. आत काय आहे ते कळल्यावर हात चालत नाही. हे आपलं भांडं आहे. काय करायचं ते आपण सांगा, मी तसं करेन.

यज्ञेश्वर


मांजरी
३ मार्च २०२५

यज्ञेश्वरराव,

बाळाची बोटं आता कशी आहेत ते कळवा. दुसरं काही वाचायच्या आधी बाळ बरं आहे ना, तेवढंच मी शोधलं तुमच्या पत्रात.

मोडू नका. एकदा मोडीत घालून बघितलंय आम्ही.

इकडं आणा. न्यायला मी आले असते, पण बसमध्ये मांडीवर घेऊन बसणं मला जमायचं नाही. येताना त्यात काही ठेवू नका, वरनं कापड टाका. घर शाळेमागच्या गल्लीत शेवटचं आहे, दारात शेवगा आहे.

तुम्ही चार दिवस लांबवलंत त्याचं मनाला लावून घेऊ नका. मी बेचाळीस वर्षं लांबवलं.

मैना घुले


तांबट आळी
१५ मार्च २०२५

मैनाताई,

नमस्कार. नऊ तारखेला आपल्याकडून परतलो तेव्हापासून रोज लिहीन म्हणतो आहे.

बाळ छान आहे. बोटं त्याच संध्याकाळी पूर्ववत झाली होती. दीपालीला मी आपल्याबद्दल सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. तिनं बाळाला जवळ घेतलं आणि म्हणाली, त्या बाईंना एकटं सोडून आलात का. म्हणून हे पत्र.

मला पैसे घ्यायचे नव्हते, हे आपल्याला ठाऊक आहे. मी घंगाळ ओसरीवर ठेवून आत आणू लागलो तेव्हा आपण दारात आडव्या उभ्या राहिलात. आपल्या हातात नोटा होत्या, आणि आपण म्हणालात, "आधी पैसे घ्या. नाहीतर तो माझा व्हायचा नाही." मी घेतले. मोजले नाहीत. मग आपण स्वतः वाकून दोन्ही कड्या धरल्यात. नऊ किलोचं भांडं या वयात आपल्याला उचलणार नाही असं मला वाटलं होतं. आपण ते छातीशी धरून आत नेलंत आणि दार लोटून घेतलंत. मी शेवग्याखाली बराच वेळ थांबलो होतो. आतून काही ऐकू आलं नाही.

त्या पैशांना मी अजून हात लावलेला नाही. साइटला मात्र पत्र लिहिलं की चूक माझी होती, घुलेबाईंची खाती पुन्हा सुरू करा. त्यांचं उत्तर आलं की तक्रार मागे घेण्याची मुदत सात दिवसांची असते. मुदतीबद्दल आता मी कुणाशी वाद घालत नाही.

ताई, सांगायचं ते एवढंच की तिथं एकटीनं राहू नका. आमच्याकडे या. दोन खोल्या रिकाम्याच आहेत. आणि घंगाळात पाणी भरू नका. ही सूचना आपलीच होती.

उत्तराची वाट बघतो.

यज्ञेश्वर


मांजरी
६ एप्रिल २०२५

यज्ञेश्वरराव,

तुमचं पत्र मागच्या महिन्यातच आलं. पोस्टमननं ते खिडकीच्या गजात खोचून ठेवलं होतं. त्या दिवशी दुपारी मिळालं. त्यानं दारावर बराच वेळ हाका मारल्या असणार, पण तेव्हा दहा वाजून गेले होते.

मी रोज दहा वाजता पाणी भरते. चुलीवर तापवून, गार घालून, कोपर बुडवून बघून. न्हाणीत घंगाळाशेजारी पाट मांडून बसते. मग उठत नाही. दारावर कुणीही हाक मारली तरी उठत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवते.

पहिला आठवडाभर नुसतं पाणी होतं. मला वाटलं, आपल्याला ओळखलं नाही. सतरा मार्चला पाणी हललं. मी हात घातला तर बोट धरलं. तुम्हाला आणि त्या मावशींना लागली तशीच मूठ, फक्त तुमच्या हाती ती उसनी होती. मी अकरापर्यंत बसून राहिले. त्या दिवसापासून रोज पाणी वाजतं. माझं पातळ भिजतं. तुमच्या घरी जे झालं ते त्यानं घाबरवायला केलं नसेल. खेळायला कुणी दिसलं म्हणून त्याला पाण्यात घेतलं असेल. तुमच्या लेकीला तेवढं सांगा.

नणंदेला फोन करून बोलावून घेतलं होतं. सुंदराबाईंची ती धाकटी लेक, साठीची आहे. तिला सगळं सांगितलं. पोर माझ्याकडं होतं, तुझ्या आईकडं नव्हतं. ती उठली, हात धुतले, माझ्या घरचं पाणीही न पिता गेली. दोन दिवसांनी तिच्या मुलाचा फोन आला, की मामी, आई सारखी रडते, पण तुम्हाला भेटायचं नाही म्हणते. मी म्हटलं, बरोबर आहे तिचं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्यावर रागावलं. जड वाटलं, आणि बरंही वाटलं.

तुमच्याकडं राहायला यायचं मनात आणलंत, फार झालं. पण येणार नाही, आणि तुम्हीही इकडं येऊ नका. विशेषतः दीपाली आणि बाळ नको.

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा चार दिवस विचार केला.

गेल्या बुधवारी मी पाणी ओतून न्हाणी पुसायला घेतली तर फरशीवर ओली पावलं होती. माझ्या चार बोटांएवढी. घंगाळापासून पाटापर्यंत, तीनच. गुरुवारी न्हाणीच्या दारापर्यंत आली. काल चुलीला वळसा घालून माजघरात आली. मी फडक्यानं पुसली नाहीत, आपोआप वाळू दिली.

अभय भिंत धरून उभा राहायचा. पाऊल टाकलेलं मी बघितलं नव्हतं. ही पावलं भिंतीच्या कडेनं नाहीत. मधनं आहेत, आणि रोज पुढं जाताहेत. कुठं मध्येच बसल्याचा ओला डाग दिसतो, मग पुन्हा पावलं सुरू होतात. शिकतोय.

आता उरलेलं माजघर आणि मग पुढचं दार एवढंच राहिलंय. आज पाट न्हाणीत मांडला नाही. घंगाळ भरून ठेवलंय आणि मी पुढच्या दारात येऊन बसलेय, जिथं तेव्हा उभी होते, आत तोंड करून. हे पत्र तिथंच लिहितेय. दहाला पाच कमी आहेत.

आत न्हाणीत पाणी वाजायला लागलंय. कागद बाजूला ठेवते.

मैना घुले